दाणा फुगत नाही, उस्ताद

उस्ताद, तुमच्यामुळं परवा माझ्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. तुम्ही म्हणाल, "मैं तो कब का मर गया, मेरा क्या कसूर?" कसूर आहे. ऐका.

वाळूजच्या शेडमध्ये तुम्ही मला भट्टीवर घेतलं तेव्हा मला पोलादातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. तुम्ही लालभडक तापलेली पोलादी पिन तेलात विझवायचा, व्हाइसमध्ये आवळून हातोड्यानं तोडायचा आणि तुटलेलं तोंड माझ्या नाकापाशी आणायचा. "देख, शक्कर जैसा चमकता ना? ज्यास्ती सेंका. दाना फूल गया. अब ये काच है." बारीक, राखाडी, मऊसर तोंड दिसलं तर माल पास. आज माझी स्वतःची भट्टी आहे, डिग्री नाही, आणि ते मी येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगतो.

परवा गारखेड्याच्या घरी मुलाकडचे आले. गंगापूरची शेतकरी माणसं. मुलगा धातुशास्त्र शिकलेला, नोकरीनिमित्त बजाजनगरात राहतो. पोहे झाले तसं मी रुमालातून एकाच मापाच्या दोन तुटक्या पिना काढून त्याच्यापुढं ठेवल्या. बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, लोक पत्रिका बघतात!" मुलानं पिना खिडकीशी नेऊन उजेडात फिरवल्या. "ही जास्त वेळ तापली, काका. दाणे मोठे झालेत." "मोठे म्हणजे फुगलेत," मी दुरुस्ती केली. तर म्हणतो कसा, "फुगत नाहीत, काका. दोन दाण्यांमध्ये हद्द असते, तापवलं की ती सरकते. मोठा दाणा शेजारच्या बारक्याची जागा खात जातो, शेवटी बारका उरतच नाही. माल तेवढाच, दाणे कमी."

त्याच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "व्हय की! आमच्याकडं बांध असाच सरकतो. आमचा शेजारी तर बिनभट्टीचा सरकवतो!" सगळे हसले, माझी मुलगीसुद्धा. मी नाही. म्हटलं, "म्हणजे माझे उस्ताद चुकले?" मुलगा पिना रुमालावर ठेवत म्हणाला, "त्यांनी ओळखलं बरोबर, काका. कारण तेवढं चुकलं."

ते गेल्यावर मी जाहीर केलं, मुलगा उद्धट आहे. मुलगी म्हणाली, "मग कळवा नकार. पण त्यांना सांगणार काय, बाबा? दाणा?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी त्या पिनांपाशी बसून राहिलो. फुगला असता तर पिनही फुगायला हवी होती, नाही का? मायक्रोमीटर काढला, पुसला, दोन्ही मोजल्या. मग उलट्या धरून मोजल्या. जाडी सारखीच. माफ करा उस्ताद, मी तुमच्या बाजूनं फार ओढून बघितलं. मग फोन करून होकार कळवला. दार उघडलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगतो. आज भट्टीवर कारागिरांना बांधाची गोष्ट सांगितली. एकानं विचारलं, "शेठ, हे कुठं शिकलात?" जावयाचं नाव काही तोंडातून निघेना. म्हणालो, "उस्तादांनी शिकवलं." तिकडं कुणी विचारलंच, तर तेवढं सांभाळून घ्या.