शाळेच्या भिंतीवरचा फोन

प्रिय आयचुरेक हिला ओरोझबायचा मायेचा सलाम. तुझी तब्येत ठणठणीत असो, मॉस्कोतल्या त्या खानावळीच्या मालकिणीचा स्वभाव थोडा मऊ झालेला असो आणि तुझा गुडघा थंडीत कुरकुरत नसो. इकडे मी सुखरूप आहे. गायही सुखरूप आहे. (हे तुला फोनवर सांगून झालंय, ठाऊक आहे. पण पत्राची सुरुवात रीतसर झालेली बरी.)

परवा तू विचारलंस, बाकी काय? मी म्हणालो, बाकी ठीक, आणि फोन ठेवून दिला. रागावली असशील. तर ते बाकी काय होतं, ते लिहितो.

आपल्या गावात मोबाइलचा टॉवर येणार होता. सरकारचा नियम असा, की निदान पाचशे माणसं खरोखर राहत असतील त्याच गावाला टॉवर. आता माणसं रशियात गेली म्हणून तर आपल्याला टॉवर हवा, आणि माणसं रशियात गेली म्हणूनच तो मिळत नाही. आपला गावप्रमुख सादिरबाय असल्या गोष्टींनी खचणारा नव्हे. तपासणीच्या दिवशी खालच्या गावातून नातेवाईक आणून बसवायचे आणि कुलूप लागलेल्या घरांतून चुली पेटवायच्या, म्हणजे निदान धुराडी तरी नांदती दिसतील, असं त्याने ठरवलं. चुलींचं काम माझ्याकडे आलं. (तुझ्या भावाच्या धुराड्यात कावळ्याचं घरटं होतं. भिंती आता काळ्या झाल्यात. त्याला इतक्यात कळवू नकोस.) नातेवाईक आले, मेंढी फस्त केली आणि हात पुसून आपापल्या घरी गेले. तपासनीस बाईंची गाडी वाटेत बंद पडली होती, त्या उगवल्या त्यानंतर.

बाई कसली, लेकीच्या वयाची पोर. मीरिम नाव. फिरत फिरत आपल्या घरी आली, घरात कोण कोण असतं म्हणून विचारलं. मी म्हणालो, मी आणि बायको. ती शेजारी गेलीये, येईलच इतक्यात. पोर म्हणाली, मग थांबते. आता आली का पंचाईत! चहा केला. तीन वाट्या मांडल्या, तुझ्याही वाटीत ओतला, खोट्याला टेकू म्हणून. पण खरं सांगतो, थोड्या वेळाने माझंच लक्ष दाराकडे लागलं. बाहेर पाऊल वाजलं की मी अर्धा उठायचो. (एकदा तर वासरू निघालं.) मग मी तिला सांगत बसलो, तू रागावलीस की भांडी कशी आपटतेस, हसू आलं की रुमालाऐवजी कणकेने माखलेलं बोट कसं तोंडाशी नेतेस. पोर ऐकत होती. तुझा चहा गार झाला. तिने वाटीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"काका, त्यांना शेजारी जाऊन किती वर्षं झाली?"

"येत्या वसंतात चार होतील," मी म्हणालो.

तुझा गार चहा तिने पिऊन टाकला आणि गेली.

टॉवर नामंजूर झाला. पण ज्या गावाला टॉवर नाही त्याला एक सार्वजनिक फोन, असा आणखी एक नियम असतो म्हणे. तो शाळेच्या भिंतीवर बसला. सादिरबायने फोनसमोर भाषण ठोकलं, मग गावाची रांग लागली. माझी पाळी आली तेव्हा मागे सादिरबाय, त्याची सासू, लोहार, सगळे कान टवकारून उभे. तुझा आवाज आला, इतका जवळ, की तू वर्गातूनच बोलतेयस असं वाटलं. (मी खिडकीतून डोकावलोही. नुसते बाक होते.) सांगा ना काहीतरी, म्हणालीस. अख्ख्या गावासमोर काय सांगू? गाय सांगितली. फोन ठेवल्यावर सादिरबायची सासू म्हणाली, "अरे, गावाने एवढा धूर खाल्ला तो तुझ्या गायीसाठी होय?"

पोटभर जेवत जा, गुडघ्याला ऊब दे.

तुझा,
ओरोझबाय

ता. क. पत्र पोहोचल्याचं फोनवर सांगू नकोस. लोहाराचे कान फार तिखट आहेत.

दुसरा ता. क. शरद ऋतूत पुन्हा मोजणी होणार आहे. सादिरबाय म्हणतो, एक माणूस जरी वाढलं तरी गावाच्या कामी येईल. त्याचा फारच आग्रह पडला, म्हणून कळवतो.

तिसरा ता. क. मोजणीबिजणी काही नाही. सादिरबाय काही म्हणालेला नाही. तू ये.