बैरंग गेलेलं बेट

बुवापाडा, अंबरनाथ
१२ मार्च १९९१

तीर्थरूप हिंदुराव मामांस धर्मराजचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुमची गुडघेदुखी आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. आई आता जेवते (तुम्ही जाताना दम दिलात म्हणून).

आण्णांचं ते बेटाचं टपाल तिकीट हरवलं म्हणून आम्ही घरभर शोधत होतो. मामा, ते तुमच्याकडं आहे. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराचा पंखा आण्णांनी दुरुस्त करून दिला, तेव्हा "साईं, ये रख लो, अपने क्या काम का" म्हणत त्यानं ते दिलं होतं. कोरं करकरीत, पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटाचं, वर जळतं जहाज. घरी कुणीही येवो, चहाच्या आधी आण्णा हातात भिंग द्यायचे आणि इतिहास सांगायचे. खलाशांनी बंड केलं, कप्तानाला होडीत बसवून सोडून दिलं, बेटावर येऊन स्वतःचंच जहाज जाळलं आणि तिथंच संसार मांडले. (सिलिंडरवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "काका, सही करा.") शेवटचं वाक्य ठरलेलं, "परतीची सोय ठेवली की माणूस नांदत नाही." आणि हे सांगणाऱ्याच्या खिशात गावच्या घराची किल्ली!

आण्णा गेले त्या दिवशी मी पत्रं लिहीत होतो, शेजारचा नाथा तिकिटं चिकटवत होता. तिकिटं संपली तेव्हा त्यानं मला त्रास नको म्हणून भिंगाखालचं ते उचललं आणि भाताच्या शितानं तुमच्या पाकिटाला लावलं. (भातही त्याच्याच घरचा, आमची चूल बंद होती.) तेराव्याला तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "दाजी जाता जाताही माझ्याकडून वसूल करून गेले, पत्र बैरंग धाडलं, दंड मी भरला!" सगळे हसले. आईसुद्धा, आण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. तिकीट कुठं गेलं ते मला तेव्हाच उमगलं, पण ती हसत असताना मध्ये बोलवेना.

मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत, वाचून लगेच पाकिटासकट फाडतात, हे मला माहीत आहे. फाडलं असेल तर तक्रार नाही. पण दंड भरून घेतलेली वस्तू तुम्ही टाकाल, असं मामींनाही वाटत नाही.

आपला,
धर्मराज

ता. क. या पाकिटाला तिकीट मी स्वतः लावलं आहे. भारताचंच.

ता. क. पाण्यात भिजवलं की शीत सुटतं. ओढू नका.

ता. क. तिकीट तेवढंच पाठवा. आतलं पत्र फाडून टाका. 'आण्णा गेले' हे एकदा लिहिलं, आता ते वाचणं मला जमणार नाही.