भोंग्याचा घसा बसला

जानकी,

तुझा काय, कुणाचाच विश्वास बसणार नाही. नव्या साहेबाने जेवणाची सुट्टी अर्ध्या तासावर आणली, त्या रागाने कारखान्याच्या भोंग्याचा घसाच बसलाय. आता पहिल्या पाळीला जेवायला उठवणार कोण? साहेब स्वतः दारात आला. म्हणाला, "धोंडूमामा, रिटायर झालात, तरी भोंग्याच्या तोडीचा आवाज तुमचाच!"

उन्हात बाहेर पडणार नाही असा तुला शब्द दिला होता, पण नाइलाज आहे. तू करून ठेवलेलं बांगड्याचं तिखलं सगळं डब्यात भरून नेतोय. फाटकाबाहेर आंब्याखाली आमची माणसं जेवायला बसतात. तू नसलीस की घरात एकट्याला घास उतरत नाही गं.

एवढं लिहितोय तोवर शेजारची कुंदा, तिलाही सकाळी हेच सांगितलं होतं, दारातून ओरडली, "मामा, तुमचा मुका भोंगा वाजला की! पळा, सुट्टी संपेल!"