जन्मनोंदींचा संगणक कार्यालयात जमा करण्यास नकार देणेबाबत

प्रति,
मा. नगर नोंदणी अधिकारी,
सान विदाल नगरपालिका, पूर्व सामार.

अर्जदार: लुडिविना काबाल्किंतो, निवृत्त सुईण, काबुगावान वस्ती.

विषय: माझा घरचा संगणक १५ जूनपर्यंत आपल्याकडे जमा करण्याचा आदेश मान्य नसल्याबाबत.

संदर्भ: आपली नोटीस, दि. २९ मे २०२३.

महोदय,

नोटीस मिळाली. दोनदा वाचली. संगणक जमा करणार नाही. कारणे खाली देत आहे.

१. या बेटांवर मी एकतीस वर्षे बाळंतपणे केली. त्यांपैकी शेवटच्या बावीस वर्षांतला प्रत्येक जन्म मी घरच्या संगणकावर लिहून ठेवला आहे: आईबापाचे नाव, वेळ, बाळाचे वजन. यंत्र दोनदा बदलले, नोंद एकही सुटली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात आपल्या कार्यालयाच्या वह्या समुद्रात गेल्या. तेव्हापासून एक हजार नऊशे चार माणसांच्या जन्माचा पुरावा फक्त माझ्याकडे आहे, हे आपणच मला लेखी कळवले आहे.

२. गेल्या ऑक्टोबरात आपले लिपिक श्री. नेस्तोरियो पाल्काट पडताळणीसाठी संगणक घेऊन गेले. "माना लुडिंग, आठ दिवसांत आणून देतो," असे ते थोरल्या बहिणीला म्हणावे तसे म्हणाले. शिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवायची मला सवय, म्हणून दिला. तो सहा आठवडे तिथे राहिला. मी बघायला आले तेव्हा तो भिंत आणि भाताचा कुकर यांच्या मधोमध कोंबलेला होता. छप्पर गळते म्हणून चालू यंत्रावर प्लास्टिकचे मेजपोस घातले होते. मी म्हटले, "अहो, त्याला श्वास घ्यायला तरी जागा ठेवा." उत्तर मिळाले, "माना, तुम्ही बाळंतपणं बघा. यंत्राचं आम्ही बघतो."

तोवर आतला पंखा अडकला होता आणि संगणक तापून दर पाव तासाने बंद पडत होता. त्यावर कार्यालयाचा उपाय एकच, पुन्हा चालू करणे. शेवटी वीज कमीजास्त झाली आणि पॉवर सप्लाय फाटकन जळाला. मी सोबत पाठवलेला स्टॅबिलायझर त्या वेळी आपल्या टेबलफॅनला जोडलेला होता.

३. त्या सहा आठवड्यांत अकरा माणसे दाखल्याविना परत गेली. त्यांपैकी डेल्फिन ओकियास, वय एकोणीस, याची जहाजावर निवड झाली होती. आपल्या खिडकीवर त्याला सांगण्यात आले, "यंत्र बंद आहे बाबा, म्हणजे तुझा जन्मही तूर्त बंद." खिडकीतले सगळे हसले. जहाज त्याला न घेता गेले. आता तो धक्क्यावर सुक्या खोबऱ्याची पोती वाहतो आणि मला पाहून मान खाली घालतो. वास्तविक मान मी खाली घालायला हवी. संगणक मीच दिला होता.

४. संगणक घरी आला तो पोत्यात घालून. शहरातला दुकानदार म्हणाला, "आजी, हे भंगारात द्या, नवा घ्या." मी तो घरी आणून स्वतः उघडला. जिने आडवे आलेले मूल हाताने वळवून सुखरूप बाहेर काढले आहे, तिला चार स्क्रूंचे भय नसते. पॉवर सप्लायच्या जाळीतून आत मेलेली पाल दिसत होती. तो अख्खा काढून नवा बसवला. प्रोसेसरवरची पेस्ट करपलेल्या भाताच्या खरपुडीसारखी वाळली होती. ती खरवडून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. दोन मोठे पंखे घातले, एक समोरून हवा आत ओढणारा, एक मागून बाहेर टाकणारा. सत्त्याण्णव अंशांवर जाणारे तापमान आता अठ्ठावन्नच्या वर जात नाही. वीज गेली तरी यंत्र एकदम बंद पडू नये म्हणून बॅटरीही जोडली आहे.

मात्र जुनी हार्ड डिस्क टकटक करू लागली होती. ती पूर्ण बसण्याआधी सर्व नोंदी नव्या एसएसडीवर उतरवून घेतल्या. चौदा वाचता आल्या नाहीत.

५. त्या चौदा घरी मी होडीने गेले. तीन महिने लागले. रुस्तिका बाल्देस्को या बाईसमोर मी माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या यंत्राला नाही ना आठवत? माझ्या कमरेला आठवतंय, लिहून घ्या." चौदाही नोंदी आईच्या व दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी पुन्हा लिहिल्या आहेत.

६. आता नोटीस म्हणते की माझे घर "असुरक्षित ठिकाण" आहे. सबब संगणक तापू नये म्हणून तो बंद करून, मोहोरबंद कपाटात, नवी इमारत होईपर्यंत ठेवावा. नव्या इमारतीचे आजमितीस सहा खांब उभे आहेत आणि त्यांना दोऱ्या बांधून शेजारच्या बायका कपडे वाळत घालतात. म्हणजे ते कपडे उतरून वर छप्पर चढेपर्यंत एक हजार नऊशे चार माणसांनी जन्मायचे थांबावे, असा आपला आदेश आहे. तो मी पाळणार नाही.

७. नोंदींच्या तीन प्रती मी केल्या आहेत. एक चर्चच्या पाद्रींकडे, एक शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे, आणि तिसरी प्रांताच्या नोंदणी कार्यालयात. तिथल्या बाईंनी दोन दिवस बसून नोंदी तपासल्या आणि ५ जूनपासून त्यावरून दाखले देणे सुरू केले. पहिला दाखला डेल्फिनला मिळाला. गेलेले जहाज त्या दाखल्याने परत येणार नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

८. जमा न केल्यास पोलीस पाठवू, असे नोटिशीत शेवटी म्हटले आहे. खुशाल पाठवावेत. मी घरीच असते आणि दार उघडे असते. दाखल्यासाठी जो येईल त्याने आत यावे, बसावे, कॉफी प्यावी. संगणक उचलायला जो येईल त्याने उंबऱ्याबाहेर थांबावे आणि आपल्या आईचे नाव सांगावे; मी त्याच्या जन्माची वेळ वाचून दाखवीन. त्यानंतरही त्याचे हात पुढे झाले, तर मी मधे उभी असेन.

नियमापुरती नम्र,
लुडिविना काबाल्किंतो
काबुगावान, दि. ८ जून २०२३

सोबत:
१) प्रांत कार्यालयाच्या पोचपावतीची प्रत
२) चौदा मातांची सह्यांची निवेदने
३) जळालेला पॉवर सप्लाय, पालीसह (परत करू नये)