वहिनी उभी राहिली

रवि., ५ जाने.
सकाळीच दादाचा फोन. राधावहिनी ग्रा.पं.ला उभी राहतेय, आमच्याच वॉर्डातून. अर्धं जुनं गाव, अर्धी आमची सोसायटी. "फ्लॅटवाल्यांची मतं तू बघ." जसं काही माझ्या पदराला बांधलीत! माहेर गेटपासून हाकेवर, तरी इथल्या बायका त्याला "गावात" म्हणतात.

बुध., ८
जिन्यात पवारबाई भेटल्या. "गायरानावर बाग पाहिजे. त्या मेंढरांचा वास किती!" मेंढरं दादाची. पण बागेचं खोटं नाही. माझी लेक पार्किंगमधे सायकल शिकली, दोनदा गाडीवर आदळली.

शनि., ११
वहिनी प्रचाराला आली. वॉचमन गेटावरच, "कोणत्या घरी कामाला?" मी ड्युटीवरून पोचले म्हणून बरं. वर आणलं, सात-आठ बायका बोलावल्या. पवारबाईंनी सरळच विचारलं, गायरानाचं काय?
वहिनी पदराशी चाळा करत होती. म्हणाली, "बाई, माझी मेंढरं तिथंच चरत्यात. समदं देते म्हणाले तर खोटं व्हईल. रस्त्याकडची कड घ्या लेकरायला. बाकीचं राहू द्या."
निघाली तेव्हा पवारबाई तिला गेटापर्यंत सोडायला गेल्या.

सोम., १३
बातमी गावात पोचलीच. बैठकीत दादाला धारेवर धरलं. आज कड मागतील, उद्या समदं. फोनवर माझ्यावर कडाडला, "गायरान काय तिच्या बापाचं हाय?" त्याचंही खरं. शहर सरकत आलं तसा एकेक माळ गेला. आमची सोसायटी तरी कुठं उभी आहे?
वहिनीला म्हटलं, शब्द मागं घे.
"नाय वन्सं. बोलले ते बोलले."

गुरु., १६
मतदान. रांगेत मागं चुलती. "तू कुनाकडची गं आता?" हसले नुसती. मत वहिनीलाच दिलं. दादासाठी की बागेसाठी, माझं मलाच...

शुक्र., १७
वहिनी आली निवडून! गावानं पाठ फिरवली, सोसायटीनं तारलं. पवारबाई पेढे घेऊन धावल्या. वहिनीच्या दारात मात्र गुलाल नाही. दादा मेंढरं घेऊन वेरूळकडं गेलाय. फोन बंद.

रवि., २ फेब्रु.
ग्रामसभा. देवळापुढं सतरंज्या. एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला सोसायटी. पवारबाईंनी शेजारी जागा धरलेली, तिकडून चुलतीनं सरकून हात केला. मी चपला हातात घेऊन उभीच.
गायरानाचा विषय निघाला. वहिनी उठली, पदर खोचला. मागून कुणीतरी ओरडलं, "फ्लॅटवाल्यांची मेंबर!" सगळे हसले. तिचे डोळे भरले. तेवढ्यात दादाचा आवाज. कधी येऊन उभा राहिला कोण जाणे.
"बोलू द्या तिला."
बोलली. लई गोंधळ झाला. निर्णय काहीच नाही.
परतताना दादा बाजूनं चालत होता. गेटापाशी थांबून म्हणाला, "तुझी लोकं नेमकी कोनती कड मागत्यात? सकाळी ये. दाखव मला."
तुझी लोकं.
उद्या रजा टाकते.