जीपची चंची

आत्याबाई, तुमच्या पानसुपारीच्या चंचीवरून मागल्या महिन्यात मानवतला भर रस्त्यात असं हसणं झालं की ते तुमालाच सांगावं वाटलं. तुमी जाऊन लय वर्षं झाली, पण सासूचं ते सासूलाच सांगावं लागतंय. माझी शाळा चौथीपर्यंतची, हे तुमाला ठाऊकच हाय, तवा ओळी वरखाली झाल्या तर रागावू नका. तुमच्या नातवाची पोरगी, म्हणजे माझी नात, जनावरांची डॉक्टर झालीय. तिनं एक जुनी जीप घेतलीय, चारी चाकांनी ओढणारी. गोदेकाठच्या काळ्या रानात पाऊस झाला की ट्रॅक्टर रुतून बसतो, पण ही जीप गुरगुरत गुरगुरत निघते. गिअर टाकताना पोरगी खालचा ओठ दाताखाली धरते, अगदी तुमी सुईत दोरा ओवताना धरायच्या तसा. तुमाला तिनं बघितलं पण न्हाई, मग हे कुठून आलं कोण जाणे.

आणि त्या जीपमध्ये मागं मी बसते. हसू नका. पुढच्या सीटवर माझा गुडघा मावत न्हाई, दुमडला की कळ येते. मागं मात्र एका बाजूला लांब बाकडं हाय, त्याच्यावर पाय पसरून ऐसपैस बसता येतं. पहिल्यांदा डोळे दाखवायला म्हणून गेले, दुसऱ्यांदा चष्मा आणायला म्हणून, मग कारण सांगायचं मीच सोडून दिलं. देवगाव फाट्यावर आमी चहा पितो. वस्तीवरच्या बाया म्हणतात, डॉक्टरीणबाईची आजी आली, आणि मला बाज टाकून देतात. पोरगी गोठ्यात, मी बाजेवर. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची विहीर आटली, सगळं मला ठाऊक. आत्याबाई, सोनपेठचा बाजार तुमी करायच्या आणि मी घर राखायचे. तुमी आल्या की मी विचारायचे, काय काय बघितलं? तुमी म्हणायच्या, "बाजारात काय बघायचं असतंय? माणसंच की." आता कळायलंय, माणसंच बघायची असतात.

तर झालं असं. सोनपेठच्या अलीकडं एका वस्तीवर गाय अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर, मालकाचं तोंड पांढरं पडलेलं. पोरगी हातमोजा चढवून गोठ्यातून ओरडायलीय, "आजी, दोर दे, दोर!" आणि मी जीपमध्ये शोधायलेय. सलाइनच्या बाटल्या पायाखाली गडगडायल्यात, गमबुटांवर औषधाचे खोके, खोक्यांवर टॉवेल, आणि दोर कुठंच न्हाई. शेवटी पोरगीच पळत आली, मला हाताला धरून उठवलं, तर दोर माझ्याच बुडाखाली. वासरू निघालं, जितं निघालं, देवाची दया. पण येताना पोरीनं आरशातून मागचा पसारा बघितला. मग म्हणाली, "आजी, मागचं बाकडं काढावं लागतंय गं. तिथं लोखंडी कप्पे बसवून घेते."

"मग मी कुठं बसू?"

"तू आता घरी आराम कर की."

ती काही वाईट बोलली न्हाई. वासरू गेलं असतं तर त्या माणसाचं काय झालं असतं, हे मला कळत न्हाई का? पण आराम म्हणजे काय ते मला ठाऊक हाय. खुर्ची दारात मांडून देतात, पुढ्यात कापूस देतात आणि वाती वळायला लावतात. आमच्या घरात आता एवढ्या वाती हायत की देव पण कंटाळला असंल. मानवतच्या वेल्डिंगवाल्यानं टेप लावून जीप मोजली. मी म्हटलं, "बाबा, आठवडाभर थांब. मला काही जमतंय का बघते. न्हाई जमलं तर काढ माझं बाकडं." पोरगी वेल्डिंगवाल्याकडं बघून हसली, पण थांबली.

घरी आले आणि तुमची चंची ट्रंकेतून काढली. तुमच्या कमरेला खोचलेली ती कापडाची चंची, लाल काठाची. वीतभर कापडात पान, सुपारी, चुना, कात, लवंग, अडकित्ता, बटण, सुई, सगळं मावायचं. तुमी बोलता बोलता, न बघता हात घालायच्या आणि पाहिजे ते निघायचं. मी नवी नवरी असताना एकदा तुमी अंघोळीला गेल्यावर मी तिच्यात हात घातला होता, सुपारीसाठी. तुमी ओल्या केसांनी तशाच आल्या. "कप्प्याला हाताची वळख लागती. तुझा हात अजून पाव्हणा हाय," म्हणाल्या. लय लागलं होतं मला. नंतर मी पुष्कळदा चोरून ध्यान ठेवलं, पण काल सुपारी मधल्या कप्प्यात होती, तर आज काठाच्या. मला कधी पाठच झालं न्हाई. मग माझ्या पहिल्या बाळंतपणात, मी बाजेवर असताना, तुमी जवळ बसून माझ्यासाठी चंची शिवली आणि शिवता शिवता दाखवली. कापड लांबट घ्यायचं, घडी मधोमध, आणि दोन्ही बाजूच्या कप्प्यांची तोंडं घडीकडं. ते माझ्या हातात राहिलं.

जीपची जुनी ताडपत्री फाटलेली होती, तिचा धड राहिलेला भाग मी घेतला. पोरीच्या जुन्या जीन्सचे खिसे घेतले, आयते. बाटल्यांसाठी लांब कप्पे, दोरासाठी रुंद, हातमोज्यांसाठी चपटे. दाभण आणि सुतळी घेऊन ओसरीवर बसले. येणारा जाणारा विचारायचा, "आजी, हत्तीला झूल शिवायल्या का?" मी म्हणायचे, "हत्तीणीला, चार चाकांची हाय, आमच्या दारातच उभी." एक टाकी हाय पोरीकडं, तिच्यात गाय गाभण करायचं बी थंडगार ठेवतात, ती फार डुगडुगायची. तिला मी जुन्या लुगड्याची चुंबळ केली, डोक्यावर घागरीखाली ठेवतो तशी, आणि बाकड्याखाली बसवली. हलायचं नाव न्हाई.

आठवड्यानं मानवतला गेलो. मीच सांगितलं, सीटच्या पाठीला टांग. वेल्डिंगवाल्यानं वरच्या काठाला आकडे लावून टांगली, पोरीनं हौसेनं कप्पे भरायला घेतले, तर खालचे कप्पे भरले आणि वरच्यात बाटली घातली की खाली. घातली की खाली. वरच्या सगळ्या कप्प्यांची तोंडं जमिनीकडं! वेल्डिंगवाला म्हणाला, "मावशी, अर्धे खिसे शीर्षासन करायलेत की!" पोरगी हसता हसता चाकाला टेकून खालीच बसली. मी कप्पे चाचपून बघितले. तसंच शिवलं होतं, जसं तुमी दाखवलं होतं. मी म्हटलं, "माझ्या सासूची चंची हाय, उलटी असायची न्हाई." तो म्हणाला, "मग सासू उलटी असंल." एवढं बोलला आत्याबाई तुमाला, आणि मला राग आला, आणि रागात आठवलं. तुमी चंची कधी टांगली होती? तुमी तर घडी वर करून कमरेला खोचायच्या.

"काढ ते आकडे," म्हटलं. पुढच्या सीटांच्या मागं जीपमध्ये एक आडवा लोखंडी पाइप हाय, छताला धरलेला. "ह्याच्यावर टाक, घोड्यावर खोगीर टाकतो तशी." टाकली. घडी पाइपवर, अर्धी चंची पुढं, अर्धी मागं, आणि सगळ्या कप्प्यांची तोंडं आभाळाकडं. पुढं पोरीचं रोजचं सामान, हातमोजे, थर्मामीटर, साबण. मागं माझ्या तोंडासमोर बाटल्या आणि दोर. खोके बाकड्याखाली गेले. बाकडं रिकामं. वेल्डिंगवाला डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, सासूला माझा नमस्कार सांगा." तेवढ्यासाठीच हे लिहायलेय म्हणा ना. सांगितला.

आता पोरगी गोठ्यातून हाक मारते, "आजी, मोठी बाटली!" आणि मी चष्म्याशिवाय हात घालते आणि देते. परवा एका पाटलाच्या म्हशीजवळ ती त्याला म्हणाली, "आमच्या आजीला विचारल्याशिवाय मला गाडीतलं काही सापडत न्हाई." काय बरं वाटलं म्हणून सांगू.

हा कागद कुठं टाकायचा, तुमचा पत्ता कुणाकडं हाय? तुमच्याच चंचीत घडी घालून ठेवते. पण एक सांगायचं राहिलं. पोरगी हुशार हाय, तिला हळूहळू कप्पे पाठ व्हायलेत. दोर, बाटल्या, इंजेक्शनं, जिवाच्या कामाचं काही मी हलवत न्हाई, तुमची शपथ. पण टॉवेल, साबण, बडीशेप, तिची केसांची पिन, ह्यांच्या जागा मी अधनंमधनं बदलते. काल साबण मधल्या कप्प्यात होता, आज काठाच्या ठेवला. ठेवता ठेवता हात थांबला आणि तुमची सुपारी आठवली. आत्याबाई, तुमी पण?