पहिल्या वर्गात पास झालेली लेन्स

तीर्थरूप मामांना, लांबूनच (आणि या खेपेला लांबूनच बरा) साष्टांग नमस्कार.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं मिळालं तेव्हा म्हटलं, निवांत बसून उत्तर लिहू. दुसरं मिळालं तेव्हा निवांतपणा होता, पण पेन नव्हतं. तिसरं आलं तेव्हा सगळंच होतं, म्हणून आजारी असल्याचं कारण सुचलं, आणि ते खरं वाटावं म्हणून आडवा झालो तर झोपच लागली. असो. तुमचा गुडघा कसा आहे? स्टुडिओत गिऱ्हाईकं येतात का, की सगळी आपापल्या फोनवरच तोंडं वाकडी करून घेतात? लेन्स वीस तारखेच्या आत परत हवी, हे तुम्ही तिन्ही पत्रांत खाली रेघ मारून लिहिलंत. कारखान्यातल्या चारशे माणसांचा एकच फोटो, पाच रांगा, आणि अगदी कडेला उभ्या राहिलेल्याच्या मिशासुद्धा स्वच्छ आल्या पाहिजेत. ते काम त्याच लेन्सचं, आणि ते गेलं तर तुमचं यंदाचं मोठं कामच गेलं, हे मला कळतं. त्या विषयाकडे येतोच. पण आधी माझ्या नोकरीचं सांगायला हवं.

तुमची समजूत असेल की भाचा तुमची लेन्स घेऊन डोंगरदऱ्यांचे फोटो काढत हिंडतोय. महिनाभर हिंडलो. डोंगर रोज सारखेच दिसतात आणि भूक मात्र रोज नवी लागते. (मध्ये आठ दिवस एका बोटीवर कामाला होतो. ती बोट चालत नव्हती, पण ती गोष्ट वेगळी.) शेवटी लेन्स तपासायच्या एका कार्यशाळेत चिकटलो, त्याला सात महिने झाले. कारखाने आपल्या नव्या लेन्स इथे पाठवतात, आम्ही त्या पाडतो, भिजवतो, वाळूत घोळवतो, आणि टिकल्या की नाही ते कागदावर लिहितो. लहानपणी याच कामाबद्दल मी तुमच्या हातचा मार खाल्ला. इथे त्याचा पगार देतात.

आणि मामा, काय ती हल्लीची बनावट. खोका उघडावा तर आत मखमल, मखमलीवर पुस्तिका, पुस्तिकेत बर्फाच्या शिखरावर उभा कुणीतरी दाढीवाला, आणि सगळ्याच्या तळाशी शांपूच्या बाटलीच्या टोपणाची सख्खी बहीण. हातात घेतली तरी घेतल्यासारखी वाटत नाही. फोकसची रिंग फिरवावी तर आत कुणी फुटाणे चावतंय असा आवाज. अंगावर सोनेरी अक्षरांत 'पाणी व धूळ यांपासून संपूर्ण संरक्षण'. ते संपूर्ण संरक्षण म्हणजे मागच्या कडेला एक रबर, आणि ते असं की आईने कुकरच्या झाकणालाही लावलं नसतं. फवाऱ्याखाली दहा मिनिटं धरली की बाईंना आतून घाम फुटतो. कमरेएवढ्या उंचीवरून पाडली की एक आवाज मोठा येतो, मग दुसरा बारीक, आतून. तो दुसरा ऐकला की फॉर्मवर नापास लिहायला घ्यायचं. आमचे साहेब मात्र (उभ्या जन्मात एक फोटो काढला, त्यातही स्वतःचं बोट आलं) प्लॅस्टिकला प्लॅस्टिक म्हणू देत नाहीत. 'संमिश्र साहित्य' म्हणायचं. 'वजन कमी, हाच तर गुण आहे,' म्हणतात. वजन कमी असणं हा गुण असेल तर माझं डोकं एव्हाना प्रदर्शनात ठेवायला हवं होतं.

तर गेल्या महिन्यात साहेबांनी तुमची लेन्स माझ्या टेबलावर पाहिली आणि म्हणाले, "हा वरवंटा कुणाचा?" मला काही बोला, मी ऐकून घेतो, सवय आहे. पण तुमच्या लेन्सला वरवंटा? मी म्हटलं, घ्या परीक्षा, तुमच्या नव्याकोऱ्या लेन्सबरोबर घ्या. साहेब म्हणाले, "घेऊ की. पण रीतसर. फॉर्म भर." भरला. (बनवणाऱ्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना, लेन्सवरची अक्षरं झिजलीत, म्हणून 'मामा' लिहिलं.)

मामा, तुम्ही बघायला हवे होतात. नवी लेन्स तिसऱ्यांदा पाडली तेव्हा तिची पुढची रिंग सुटून साहेबांच्या बुटाशी गेली. तुमची बारा वेळा पाडली. ती पडत नव्हतीच, पोचत होती. फरशीचा टवका उडाला, लेन्सला ओरखडा नाही. वाळूतून आली ती कोरडी ठणठणीत, फवाऱ्यातून आली ती आंघोळ करून आल्यासारखी. मग रिंग फिरवायच्या यंत्रावर चढवली, दहा हजार फेरे. सात हजारांवर यंत्राचा पट्टा तुटला. सगळं खातं गोळा झालं होतं. साहेब कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पूर्वी लोकांना वेळ फार होता." याला म्हणतात पडलो तरी नाक वर. मी माझ्या हाताने तुमच्या लेन्सवर हिरवी चिठ्ठी चिकटवली, हिरव्या ट्रेमध्ये ठेवली, नव्या बाईंना लाल ट्रेमध्ये टाकलं, आणि जेवायला गेलो. आपल्या घराण्यात पहिल्या वर्गात पास होणारी ती पहिलीच.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जपा.

तुमचा, अजून कुठेच न टिकलेला,
भाचा

ता. क. एक नियम सांगायचा राहिला. नापास झालेली लेन्स कारखान्याकडे परत जाते, कारण तिचं काय चुकलं ते बाहेरूनच दिसतं. पास झालेली का टिकली, हे बघण्यासाठी तिला शेजारच्या खोलीत करवतीने मधोमध कापतात. हा नियम मी सात महिने रोज पाळला आहे. त्या दिवशी जरा आनंदात होतो. जेवून आलो तर कापणारा म्हातारा दोन अर्धुकं मऊ फडक्याने पुसत बसला होता. "पातं तुटलं रे," म्हणाला, "तीस वर्षांत पहिल्यांदा. अशी वस्तू आता मिळायची नाही." मी म्हटलं, आता नाहीच. एक अर्धुक साहेबांनी बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलंय, खाली लिहिलंय, 'बांधणी अशी असावी.' दुसरं माझ्याकडे आहे.

ता. क. २. सोबतच्या खोक्यात ती दुसरी लेन्स पाठवतो आहे. नापास झाली, म्हणून धडधाकट राहिली. (कारखान्याने परत घ्यायला नकार दिला.) पुढची रिंग रबरबँडने बसवली आहे, ती तेवढी फिरवू नका. वाईट नाही हो. हलकी आहे, धरायला सोपी. मधल्या तीन रांगा चांगल्या येतात, कडेच्या लोकांना थोडं आत सरकायला सांगा, मिशावाल्यांना मध्ये घ्या. वीस तारखेचं काम एवढं हिच्यावर निभावून न्या, सोडू नका. वर मी तिच्याबद्दल जे लिहिलंय ते मनावर घेऊ नका, संमिश्र साहित्याचेही काही गुण असतात.

ता. क. ३. पाकीट चिकटवतच होतो, तर खाली घरमालकीणबाई कुणाला तरी म्हणाल्या, "वरची खोली, घरातच आहे तो." खिडकीतून पाहिलं. मामा, तुम्ही आला आहात. खांद्यावर कॅमेऱ्याची पेटी, काखेत तिवई, म्हणजे लेन्स घेऊन इथूनच परस्पर कामावर जायचा बेत दिसतो. पत्र आणि खोका दाराबाहेर ठेवतो आहे. वरच्या पायरीवर बसा, दम घ्या, पहिल्यापासून सावकाश वाचा आणि मगच दार वाजवा. मी आतून कडी लावून घेतली आहे. कडी मात्र हल्लीच्या बनावटीची आहे, तुमच्यापुढे फार वेळ टिकेल असं वाटत नाही.